खोक्यावरचे हजार वॅट

ध्वनियंत्रांचे शौकीन लोक मॉलमधल्या दिमाखदार ‘लाइफस्टाइल’ संचांचे नाव काढले की नाक मुरडतात. त्यात शिष्टपणाचा अंश असतो, हे खरे आहे. पण त्या नाक मुरडण्यामागे ठोस कारणेही आहेत, आणि ती आमच्या घराला ८५,००० रुपयांना समजली. ती इतरांना फुकटात समजावीत, एवढ्याचसाठी हे सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे आणि दुकानाचे नाव देत नाही, कारण आमची तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय विक्रीची ही तऱ्हा काही त्या एका दुकानापुरती नाही.

संच दिसायला देखणा होता. मुठीएवढे पाच स्पीकर, सोफ्यामागे दडवता येईल अशी एक बास-पेटी (खालच्या सुरांचा सबवूफर) आणि काचेचा नियंत्रक. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘१००० वॅट’ आणि त्याखाली ‘२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ’ असे छापलेले होते (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका लहान तितका सूर खालचा). कमाल किरकोळ किंमत १,४९,००० रुपये, आणि ती खोडून ‘फक्त आजच्यापुरती’ ८५,००० रुपये. छापील किंमत मुळातच फुगवून ठेवायची आणि मग तीवर भरघोस सूट दाखवायची, हा प्रकार साड्यांच्या सेलमध्ये आपण लगेच ओळखतो; विजेच्या उपकरणांच्या बाबतीत मात्र तुलनेला दुसरा आकडाच हाताशी नसल्यामुळे तो सहज पचून जातो.

खरी करामत प्रात्यक्षिकाच्या खोलीत होती. खोली लहान, जाड गालिच्याची आणि मंद उजेडाची. बास-पेटी अगदी कोपऱ्यात ठेवलेली आणि बसायचा सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथे खालच्या सुरांना जोर चढतो, आणि भिंतीलगत बसणाऱ्याला तो आणखी वाढलेला ऐकू येतो. म्हणजे यंत्राने न दिलेला भरदारपणा खोलीनेच पुरवलेला होता. ऐकवलेली चित्रफीतही बेतून केलेली होती: डोक्यावरून जाणारे हेलिकॉप्टर, फुटणारी काच, पाऊस आणि एक अजस्र ढोल. माणसाचा आवाज पूर्ण फितीत जवळजवळ नव्हता. हेलिकॉप्टर अंगावर येताना नेमके कसे वाजते हे कोणाच्या कानात बसलेले नसते, त्यामुळे ते खोटे वाजले तरी कळत नाही. माणसाचा गळा मात्र आपण जन्मापासून ऐकत आलेलो असतो.

त्यानंतर विक्रेत्याने शेजारच्या फळीवरचे साधे, लाकडी, निम्म्याहून कमी किमतीचे दोन स्पीकर ‘तुलनेसाठी’ लावले. ते फिकट वाटले, कारण ते हळू वाजत होते. एकच ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवले आणि त्यातले एक केवळ डेसिबलभर (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) मोठे ठेवले, तरी ऐकणाऱ्याला ते ‘मोठे’ न वाटता ‘अधिक स्पष्ट’ आणि ‘अधिक जिवंत’ वाटते. म्हणूनच गंभीरपणे तुलना करणारे लोक दोन्हींची पातळी मापकाने जुळवून घेतल्याशिवाय बोलतच नाहीत. माझ्याजवळ पेन ड्राइव्हमध्ये एका मैफलीचे ध्वनिमुद्रण होते, ते लावण्याची मी विनंती केली. त्यावर उत्तर मिळाले, “मॅडम, डेमो युनिट लॉक असतं. घरी गेल्यावर काय हवं ते ऐका.” हे उत्तर जेथे मिळेल, तेथून खरेदी न करता बाहेर पडावे.

घरी तीच मैफल लावली, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच गायक दोन ठिकाणी बसल्यासारखा वाटू लागला. वरचे सूर टीव्हीजवळून, आणि आवाज मंद्रात उतरला की तो माझ्या पाठीमागून, सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यातून. याचे कारण अगदी साधे आहे. स्पीकरच्या अडीच इंची पडद्याला खालच्या सुरांसाठी लागणारी हवा हलवताच येत नाही. त्यामुळे अशा संचात दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खालचे सगळे बास-पेटीकडे ढकलावे लागते. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि खर्जाचा षड्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. म्हणजे त्याच्या आवाजाचा पाया एका पेटीतून आणि त्यावरचे स्वरांश समोरच्या मुठीएवढ्या डब्यांतून येणार. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोठून येतो हे कानाला नीटसे उमगत नाही, आणि म्हणूनच चित्रपटांच्या ध्वनीची मानके ठरवणाऱ्या टीएचएक्स या कंपनीच्या घरगुती मानकात ही विभागणी ८० हर्ट्झवर ठेवलेली आहे. दोनशेच्या आसपासचा आवाज मात्र कोणत्या दिशेने आला हे डोळे मिटूनही सांगता येते. त्यामुळे पेटी ‘कोठेही दडवा’ हे जाहिरातीतले वाक्य मुळातच खरे नाही. डग्ग्याचे तेच झाले होते: घुमारा मागे आणि बोटांचा आघात पुढे.

माझ्या भाच्याला या विषयाचा नाद आहे. त्याने मोजमापाचा मायक्रोफोन आणून संगणकावर आलेख काढला. नव्वद हर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा, म्हणजे जो ढोल दुकानात दणदणला तो हाच. साठच्या खाली सरळ उतरण. दोनशेजवळ, जेथे पेटी संपते आणि डबे सुरू होतात तेथे, खोल खड्डा. आणि बारा हजारांच्या पुढे पुन्हा घसरण. खोक्यावरचे ‘२० ते २०,०००’ तरीही कागदोपत्री खोटे ठरत नाही, कारण अधिक-उणे किती डेसिबलच्या मर्यादेत, हे तेथे लिहिलेलेच नाही. ही मर्यादा लिहिलेली नसेल तर तो आकडा माणसाच्या कानाचा पल्ला सांगतो, यंत्राचा नव्हे.

येथे शौकिनांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग उघड्यावर ठेवून लोकांना गुण द्यायला सांगितले, तेव्हा लहानशा, स्वस्त संचाला पडद्याआड मिळालेले गुण तो डोळ्यांना दिसताच घसरले. म्हणजे मोठी लाकडी पेटी पाहून भुलणारेही काही कमी नाहीत. लहान डबे आणि दडवलेली पेटी ही मांडणी १९८७ मध्ये अमर बोस यांच्या कंपनीने लोकप्रिय केली; आमचा संच त्या कंपनीचा नाही, आणि मांडणी म्हणून तिच्यात फसवणूक नाही. घरात जागा नसेल, मोठ्या पेट्या नकोशा वाटत असतील, तर आवाजात काही गमावून आटोपशीरपणा विकत घेणे हा सरळ व्यवहार आहे. मात्र काय गमावले जाणार हे विकणाऱ्याने सांगायला हवे. आम्हाला नेमके उलटे सांगितले गेले.

संचाची दोन महिन्यांतच खरखर सुरू झाली. कंपनीच्या सेवा केंद्राने ‘पूर्ण मोड्यूल बदलावे लागेल’ म्हणून ३१,००० रुपयांचा अंदाज दिला, आणि हमीत ‘विद्युतदाबातील चढउतार’ बसत नाहीत असे बजावले. तेव्हा बास-पेटी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांनी आधी पेटी उघडलीच नाही. उलटी करून मागची पत्र्याची पाटी दाखवली आणि म्हणाले, “ताई, आधी हे वाचा.” पाटीवर लिहिले होते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॅट.

भिंतीतून साठ वॅट घेणारे यंत्र हजार वॅटचा आवाज कोठून आणणार? येथे एक सवलत द्यायला हवी. संगीतात क्षणिक उसळ्या असतात आणि सरासरी बरीच कमी असते, त्यामुळे पाटीवरचा वीजवापर हा प्रवर्धकाच्या (ॲम्प्लिफायरच्या) कमाल क्षमतेहून कमी असू शकतो. पण मग त्यांनी पेटी उघडली आणि तीही शंका उरली नाही. आत एका ॲल्युमिनियमच्या पट्टीला पाच-पाच पायांच्या सहा चिपा स्क्रूने आवळलेल्या होत्या, प्रत्येकीवर टीडीए २०३० असा क्रमांक. संगणकाच्या स्वस्त स्पीकरांत वर्षानुवर्षे वापरली गेलेली ही चिप; उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार चार ओहमच्या भाराला (ओहम हे स्पीकरच्या विद्युत-अवरोधाचे माप) ती सुमारे १४ वॅट देते. सहांचे मिळून ८४. त्या पट्टीमागचा ट्रान्सफॉर्मर एवढा लहान होता की सहाही चिपा एकदम पूर्ण जोराने चालवणे त्याला झेपलेच नसते. बास-पेटीतल्या स्पीकरचा पडदा साध्या कागदाचा, लोहचुंबक चहाच्या बशीहून लहान, आणि पेटीच्या आतल्या बाजूला कापसाचा एक धागाही नव्हता. काळ्या लॅकरची बाहेरची झिलई मात्र आरशासारखी होती. खर्च कोठे झाला होता हे दिसतच होते.

मग हजार आले कोठून? खोक्याच्या तळाशी, बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) असे लिहिलेले सापडले. हा आकडा कसा काढायचा याचे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. एखाद्या निमिषार्धाची, आवाज कितीही फाटला तरी चालेल अशा अवस्थेतली काल्पनिक कमाल मोजून ती वाहिन्यांच्या, म्हणजे स्पीकरांना स्वतंत्रपणे जाणाऱ्या ध्वनिमार्गांच्या, संख्येने गुणायची, असा साधारण हिशेब असतो. कड्यावरून कोसळताना मोटारीने गाठलेला वेग तिचा नेहमीचा वेग म्हणून छापावा, तसे हे आहे. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती प्रवर्धकांसाठी नियम केला: वॅट सांगायचे तर किती ओहमच्या भाराला, कोणत्या कंपनपट्ट्यात आणि किती टक्के विकृतीसह, हेही सांगावे लागेल. आपल्याकडे खरेदी करताना ‘आरएमएस’ (म्हणजे सतत देता येणारे) वॅट विचारावेत, आणि तेही प्रत्येक वाहिनीचे. शिवाय शक्ती दहापट झाली तरी कानाला आवाज फक्त सुमारे दुप्पट वाटतो. घरच्या दिवाणखान्यात चांगल्या स्पीकरला खरेखुरे तीस-चाळीस वॅट भरपूर होतात, हजारांची गरज मुळातच नसते.

कारागिरांनी एक चिप आणि दोन संधारित्रे (कपॅसिटर) बदलून खरखर काढली आणि साडेसातशे रुपये घेतले. त्यांनी आणखी एक खोच दाखवली. पाचही स्पीकरांच्या तारांना कंपनीने स्वतःच्या घडणीची, अनेक पिनांची खुंटी लावली होती, आणि ती दुसऱ्या कोणत्याही प्रवर्धकात बसत नव्हती. साध्या स्पीकरला मागे लाल-काळी अशी दोन टोके असतात. प्रवर्धक बिघडला तर दुसरा आणता येतो, स्पीकर वीस वर्षे टिकतात, जुने झाले तरी कोणीतरी विकत घेतो. या संचात मात्र एक पट्टी गेली की सगळेच भंगार.

दुकानाने परतावा नाकारला. कंपनीचे लेखी उत्तर असे आले की ‘पीएमपीओ’ हा शब्द खोक्यावर स्पष्ट नमूद असल्यामुळे दिशाभूल झालेली नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली होती; तेथून कंपनीला गेलेल्या पत्रामुळेच निदान लेखी उत्तर हाती आले. आयोगाकडे आम्ही पावती, खोक्याच्या सहाही बाजूंची छायाचित्रे, मागच्या पाटीचे आणि उघडलेल्या पेटीतल्या चिपांचे छायाचित्र, त्या चिपेचे माहितीपत्रक आणि दुकानाच्या जाहिरातीचे वर्तमानपत्रातले कात्रण जोडले आहे. जाहिरातीत ‘पीएमपीओ’ हा शब्द बारीक अक्षरांतसुद्धा नाही. तेथे नुसते हजार वॅट आहेत, आणि आमच्या वकिलांचा सगळा भर त्या कात्रणावर आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे.