किंग क्रिम्झन लाइव्ह: ‘यूएसए’ घ्यावा की ‘द नाइट वॉच’?

ऑफिसातल्या एका पोराने परवा विचारलं, “वेटन-ब्रुफर्डच्या काळातलं स्टुडिओचं सगळं ऐकून झालं, आता लाइव्ह कुठलं घेऊ?” म्हणजे किंग क्रिम्झन या ब्रिटिश रॉक बँडचा सत्तरच्या दशकातला तो काळ, जेव्हा जॉन वेटन बास वाजवायचा आणि बिल ब्रुफर्ड ड्रम. उत्तर दोनच अल्बममध्ये आहे. दोन्ही माझ्याकडे आहेत. ‘यूएसए’ची सीडी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली होती, ते दुकान २०१६ साली बंद झालं.

‘यूएसए’ आला १९७५ मध्ये, गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने बँड मोडल्यानंतर. बराचसा भाग २८ जून १९७४चा, न्यू जर्सीतल्या अ‍ॅस्बरी पार्कचा. ‘द नाइट वॉच’मधली मैफल त्याच्याही आधीची, २३ नोव्हेंबर १९७३ची, अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ या हॉलमधली, पण डबल सीडी निघायला १९९७ उजाडलं.

ताकदीचं म्हणाल तर ‘यूएसए’. वेटनचा बास साध्या इअरफोनवरसुद्धा जबड्यात जाणवतो. ‘अ‍ॅस्बरी पार्क’ हा तुकडा तर स्टेजवर तिथल्या तिथे उभा राहिलेला, आणि चौघंही एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे वाजवतात. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला हाच अल्बम पटकन आवडेल, हे मला मान्य आहे.

माझं बिनसलं ते ‘ईझी मनी’वर. मुलुंडहून स्लो लोकलने सीएसएमटीला जाताना पहिल्यांदा नीट ऐकला. माटुंगा सुटलं होतं, गिटार आता कुठे रंगात येत होती, आणि आवाज उतरायला लागला. वाटलं, इअरफोनची पिन सैल झाली. ती दाबली, मग आवाज वाढवला, आणखी वाढवला. पिन जागेवरच होती. १९७५च्या त्या अल्बममध्ये गाणं मधूनच विरत नेलंय. आवाज पूर्ण चढवलेला असतानाच पुढचं ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ कानावर आदळलं. दादरला चढणाऱ्यांच्या रेट्यात मी कानातल्या तारा उपसत होतो. लाइव्ह अल्बममध्ये वाजवणारे अजून वाजवताहेत आणि आपल्यालाच हाताला धरून हॉलबाहेर काढलं जातंय, हे मला आजतागायत पचलेलं नाही. तबल्याची लग्गी चालू असताना कोणी पडदा पाडतं का?

दुसरीही एक गोष्ट आहे, पण ती दुय्यम. बँडचा व्हायोलिनवाला डेव्हिड क्रॉस स्टेजवर होता, तरी काही गाण्यांत व्हायोलिन एडी जॉब्सनचं आहे, नंतर स्टुडिओत वाजवलेलं. मैफलीत पेटीवर एक जण आणि कॅसेटमध्ये दुसराच, तसा प्रकार. जॉब्सन वाजवतो झकास, तक्रार त्याच्याबद्दल नाही. माहीत नसतं तर कदाचित कळलंही नसतं.

‘द नाइट वॉच’मध्ये गंमत उलटी आहे. या मैफलीतले काही तुकडे बँडने टाळ्या कापून १९७४च्या ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’मध्ये घातले होते. त्यामुळे ‘फ्रॅक्चर’ आणि ‘ट्रिओ’ तुम्ही आधीच ऐकलेत, स्टुडिओतले समजून. इथे त्याच वाजवण्याला त्याचा हॉल परत मिळतो. कुणी म्हणेल, त्याच वाजवण्याचे दोनदा पैसे का द्यायचे? रास्त आहे. मीही सुरुवातीला हेच म्हणत होतो.

‘ट्रिओ’ने मला गप्प केलं. व्हायोलिन, बास आणि मेलोट्रॉन (टेपवर भरलेले वाद्यांचे सूर वाजवणारा कीबोर्ड), एवढंच. ब्रुफर्ड काठ्या छातीशी आडव्या धरून बसून राहिला, एकही ठोका दिला नाही, आणि त्या संयमाबद्दल रचनाकारांत त्याचंही नाव लागलं! आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री साडेअकरानंतर शेजारचे टीव्ही बंद होतात, तेव्हा हा तुकडा लावावा. व्हायोलिन इतक्या हळू सुरू होतं की मी एकदा उठून पंखाही बंद केला होता, मे महिन्यात. न वाजवणारा माणूसही तिथे बसलेला आहे हे ऐकू येतं, असं म्हटलं तर बायको हसते.

अर्थात, लोकलमध्ये ‘ट्रिओ’ ऐकायचा प्रयत्न करू नका. “पुढील स्टेशन घाटकोपर” एवढंच ऐकू येईल. ज्याचं सगळं ऐकणं जाता-येता होतं, त्याने ‘यूएसए’ घेतला तर मी अडवणार नाही. त्यातल्या त्यात २००२ची आवृत्ती बघा, तिच्यात ‘फ्रॅक्चर’ आणि ‘स्टारलेस’ जास्तीचे आहेत. घरी रात्रीचा तास-दीड तास मोकळा मिळत असेल, तर मात्र मी आधी दुसरा घेईन.

पोराने अजून काही ठरवलेलं नाही. माझ्या फोनवर दोन्ही आहेत. सकाळी अजूनही ‘यूएसए’च लावतो, फक्त माटुंगा सुटलं की हात आपोआप खिशाकडे जातो आणि ‘ईझी मनी’ विरायच्या आत मी पुढचं गाणं लावतो.