वळचणीखालचं छत: कोकणच्या पावसात काय टिकतं, काय नाही

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही घर बांधायला काढलं की कौलं घ्यायची की पत्रा, चिरा कुठल्या खाणीचा, यावर महिनोन्‌महिने खल होतो. वाशांची खालची बाजू झाकणारं वळचणीचं छत मात्र शेवटच्या आठवड्यात ठरतं. दुकानदार याला सॉफिट म्हणतात. दिवाणखान्यातल्या सिलिंगचं उरलेलं सामान बाहेर ठोकलं जातं आणि दोन पावसाळ्यांत ते लोंबायला लागतं. बाजारात मिळणाऱ्या साहित्याची पारख इथे केली आहे ती इथला पाऊस, खारा वारा आणि झड डोळ्यासमोर ठेवून.

आधी एक गोष्ट. तुमचं घर जुनं कौलारू असेल आणि वर मंगलोरी कौलं, सागाचे किंवा किंजळीचे वासे असतील, तर वळचण उघडीच ठेवा. उघडी वळचण भिजते तशी वाऱ्याने वाळतेही. वाशाच्या टोकाला वाळवीची मातीची नळी चढली तर ती अंगणातून दिसते, वानरांनी सरकवलेलं कौल खालून कळतं. तेच बंद केलंत तर टोक आतल्या आत कुजतं आणि पन्हळ खाली आली की मगच समजतं. पाकोळ्या आत येतात म्हणून छत मारायचं असेल, तर वाशावाशांमध्ये जाळी बसवली तरी काम होतं.

छताची खरी गरज असते ती लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रा टाकलेल्या घराला. तिथे उघडी वळचण म्हणजे वाऱ्याला दिलेलं दार. वारा खालून शिरतो, पत्र्याला वर उचलतो आणि स्क्रू उपटतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हापासून पत्रा किती जाड आहे हे सगळे विचारतात, पण खालची बाजू कशाने बंद केली आहे हे फारसं कोणी विचारत नाही.

आता साहित्य. जिप्सम बोर्ड बाहेर लावूच नका, तो दमट हवेनेच फुगतो. प्लायवुड लावायचं तर आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय, तेही कडा बंद करून. आयएस ३०३ चं साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) प्लाय वळचणीखाली पापुद्र्यांनी सुटतं.

सगळ्यात जास्त खपतं ते पीव्हीसी पॅनेल. १० इंच रुंद, १० फूट लांब, आतून पोकळ. स्वस्त, हलकं, वाळवी लागत नाही, दोन माणसं दिवसात काम उरकतात. पण ते तापलं की लांबतं. ऊन-सावलीत ३० अंशांचा फरक पडला की १० फुटांची पट्टी सुमारे ६ मिमी वाढते. कारागीर दोन्ही टोकं भिंतीला आणि वळचणीच्या बाहेरच्या कडेला मारलेल्या फळीला घट्ट टेकवून बसवतात, मग एप्रिलच्या उन्हात पट्टी मधोमध पोट काढते आणि खाचेतून सुटते. एका टोकाला ८ मिमी जागा सोडून ती कडेच्या प्रोफाइलमध्ये लपवली, की हा त्रास टळतो. दुसऱ्या त्रासाला मात्र उपाय नाही. पश्चिमेकडून येणारी झड आणि ऊन एकाच बाजूला बसतं, तिथे पॅनेल पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि वाऱ्यात रात्रभर खडखडतं. पडवीच्या आतल्या भागाला पीव्हीसी चालेल, समुद्राकडच्या वळचणीला नको.

लाकूड दिसायला सगळ्यात देखणं, आणि ज्याला दरवर्षी मे महिन्यात शिडी लावून तेल द्यायचा उत्साह आहे त्याने ते जरूर लावावं. साग घ्या. फळी ८ इंची न घेता ४ इंची घ्या, रुंद फळी एका बाजूने भिजली की वाकते. दोन फळ्यांमध्ये ३ मिमी फट सोडा म्हणजे हवाही खेळेल. कापलेल्या टोकांना बसवण्याआधीच तेल किंवा प्रायमर पाजा, कारण लाकूड पाणी पितं ते टोकातून. फळी चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका. वाळवी भिंतीतूनच चढते, म्हणून बोटभर अंतर ठेवा.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्या महाग पण चांगल्या. भोकं पाडलेल्या पट्ट्या घेतल्या तर हवेची वेगळी सोय करावी लागत नाही. पावडर कोटिंग ६० मायक्रॉनपेक्षा कमी नको. साध्या लोखंडी स्क्रूने बसवल्या तर खाऱ्या हवेत स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते आणि भोक मोठं होत जातं. एसीपी शीट, म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, नुसती कापून चिकटवलेली टिकत नाही, कडा दुमडून, डब्यासारखी करूनच लावावी लागते, आणि ते काम नीट करणारे हात तालुक्याला मोजकेच असतात.

आमची पसंती ८ मिमी फायबर सिमेंट बोर्डाला. दुकानात ‘सिमेंट शीट’ किंवा ‘व्ही-बोर्ड’ म्हणून मागतात. ‘बायसन’ म्हणतात तो सिमेंटमध्ये लाकडाचा भुसा बांधलेला बोर्ड, तो वेगळा. घरात चालतो, पण वळचणीला फायबर सिमेंटच घ्या. तो कुजत नाही, वाळवी खात नाही, जळत नाही, वाऱ्यात वाजत नाही. ६ मिमीचा स्वस्त पडतो आणि उचलायला सोपा, पण वाऱ्याच्या तोंडावर तो धडधडतो. ८ बाय ४ फुटांचा ८ मिमी बोर्ड तीसेक किलो भरतो, तेव्हा बसवायला तीन माणसं लागतात.

मागवण्याआधी कापणीचा हिशोब करा. घर ४० बाय ३० फूट आणि चारही बाजूंना अडीच फूट वळचण धरली, तर १५० फूट लांबीची पट्टी लागते. बोर्ड उभा चिरला तर एकातून ८ फूट पट्टी निघते आणि दीड फुटी तुकडा वाया, म्हणजे १९ बोर्ड. तोच आडवा कापला तर अडीच फुटांचे तीन तुकडे, प्रत्येक ४ फूट लांब, म्हणजे १२ फूट पट्टी, आणि १३ बोर्डांत काम होतं. कोपऱ्यांसाठी एक जास्त धरा. सांगाड्याचे आडवे पाइप १६ इंचांवर ठेवले की ४ फुटांचा तुकडा बरोबर चार ओळींवर बसतो. ओळीला चार स्क्रू, तुकड्याला सोळा, ३८ तुकड्यांना सहाशेच्या वर. सातशे आणा.

घोळ होतो तो स्क्रूंपाशीच. दुकानात ‘स्टीलचा’ म्हणून मिळणारा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू बऱ्याचदा ४१० ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा असतो आणि तो गंजतो. चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर परत करा, हलकासा ओढला गेला तर हरकत नाही. ३०४ ग्रेड चालेल, घर किनाऱ्यालगत असेल तर ३१६ घ्या. हे स्क्रू मऊ असतात, पाइपला स्वतः भोक पाडू शकत नाहीत, म्हणून आधी ड्रिल मारावंच लागतं. कारागीर कुरकुरतील, ऐकू नका. कडेपासून अर्धा इंच आणि कोपऱ्यापासून दोन इंच आत स्क्रू घ्या, नाहीतर कोपरा तुटतो. सांध्यावर दोन बोर्डांच्या कडा येतात, तिथे पाइप दोन इंची हवा. पाइप गॅल्व्हनाइज्ड घ्या, आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला झिंक प्रायमर लावा. काळ्या पाइपला रेड ऑक्साइड फासून भागवलं तर गंजाचे तांबडे ओघळ पांढऱ्या छतावर उतरतात.

प्रायमर बोर्डाच्या पाठीलाही हवा आणि चारही कडांना हवा, तोही बोर्ड वर चढवण्याआधी. रंगारी फक्त दिसणारी बाजू रंगवतो, पाठ ओल पिते आणि पुढचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. बोर्ड कापताना तोंडाला मास्क बांधा, ती धूळ फुप्फुसाला घातक आहे. सांध्यात ३ मिमी जागा सोडून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. वॉल पुट्टी तडकते आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही.

पाण्याचा थेंब कुठे जातो तेही बघा. पत्र्याच्या टोकावरून पागोळीचं पाणी सरळ खाली पडतं असं वाटतं, पण त्यातलं थोडं कडेला चिकटून फळीवर येतं, तिच्या खालच्या कडेला वळतं आणि छतावरून भिंतीकडे चालू लागतं. पहिल्या ओळीच्या स्क्रूभोवती काळं वर्तुळ दिसलं की समजावं, पाणी याच वाटेने आलं. बाहेरची फळी छतापेक्षा अर्धा इंच खाली उतरवली तर थेंब तिथेच सुटून पडतो. छत शक्यतो पाख्याच्या उताराबरोबरच ठेवा. सपाट पेटी केली तर वरून गळालेलं पाणी तिच्यात साठतं.

आणि हवा. रंगीत पत्र्याखाली थंडीच्या रात्री दव धरतं, ते सुकायला वाट हवी. बाहेरच्या फळीजवळ सबंध लांबीभर एक इंच फट सोडा आणि तिला ३ मिमी छिद्रांची स्टेनलेस जाळी लावा. आढ्याशीही हवा बाहेर पडायला जागा हवी, नाहीतर खालच्या फटीचा उपयोग नाही. फट भिंतीजवळ ठेवू नका, कारण झड भिंतीवर आपटून वर चढते. डासांची बारीक जाळी एका मोसमात धुळीने आणि शेवाळाने बुजते, उरलेली भोकं रंगारी ब्रशने भरून टाकतो. रंग देताना जाळीवर चिकटपट्टी लावायला सांगा.

हे सगळं काम दिवाळीनंतर काढा. नव्या पत्र्याचा पहिला पावसाळा उघड्या वळचणीवरच जाऊ द्या. कुठे गळतं ते खडूने खुणा करून ठेवा, दुरुस्त करा आणि मग बंद करा. बोर्ड भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, वाकतात. आडवे, झाकून ठेवा. पावसात भिजलेला बोर्ड तसाच चढवला तर सुकल्यावर आकसतो आणि सांधे उघडतात. प्रत्येक बाजूला एक तुकडा सीलंट न भरता, नुसत्या स्क्रूंवर ठेवा, टाकीचा पाइप किंवा वायर जिथून जाते तिथला. मे महिन्यात तो उतरवून बॅटरीने आत बघता येतं: वाळवीची नळी, उंदराचं घरटं, पत्र्याच्या सांध्याखालची ओल.