आंब्याच्या कुजक्या लाकडाचा बाऊल करून घेतला, उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांकडून (४/५)

पाचातले चार स्टार देतोय, एक कशाला कापला ते खाली येतंयच. दुकानाला बोर्ड नाही त्यामुळं नाव काय लिहू, कोल्हापुरात उद्यमनगरात एका बोळात आहे, आजूबाजूला सगळं लोखंडाचं काम चालतंय आणि मधेच एक लाकडाचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं मशीन. मामांचा मूळ धंदा फौंड्रीचे लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्याच्यावरनं करतात ते नमुने) करायचा, आता त्यातलं बरंच काम सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर गेलंय म्हणून पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब असं काय येईल ते करतात.

माझ्याकडं आंब्याचा ओंडका होता, झाड पडल्यावर परसात भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यावर अख्खा पावसाळा गेला. एका बाजूनं ठणठणीत, दुसऱ्या बाजूनं नख दाबलं की टोस्ट चहात बुडवल्यासारखं आत जातंय. सुतार म्हणाला बंबात घाला. पण टोकाकडचा एक तुकडा कापून बघितला तर आत पेनानं ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा आणि मधे मधे पांढरट पट्टे, ते बघून जाळायचं मन होईना. यूट्यूबवर स्पाल्टेड वूड म्हणून शोधा, ह्याच असल्या लाकडाचे बाऊल परदेशात बक्कळ पैशाला विकतात. हे सगळं बुरशीचं काम. पांढरे पट्टे म्हणजे बुरशीनं तिथलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा भाग) खाल्लंय, आणि दोन वेगळ्या बुरशी समोरासमोर आल्या की आपापली हद्द आखून घेतात, त्या हद्दीच्या काळ्या रेघा. आंब्याला हे फार लवकर होतं, त्यात आपल्याकडचा पाऊस, मग काय बघायलाच नको.

मामांनी ओंडका हातात घेतला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडनं ठोकून आवाज ऐकला आणि खडूनं एक गोल मारला, माझ्या डोक्यात होता त्याच्यापेक्षा बराच लहान. "पावणं, ह्याच्या भाईरचं जाणार. एवढ्यात व्हत असंल तर करतो, न्हाईतर घिऊन जावा." मला हे आवडलं. आधी हो हो म्हणायचं आणि नंतर लाकूडच खराब होतं म्हणून हात वर करायचे, हा अनुभव दुसरीकडं घेऊन झालेला आहे.

काम त्यांनी दोन टप्प्यात केलं. आधी जाड कातून ठेवला, दहा इंच रुंदीच्या बाऊलला साधारण एक इंच जाड भिंत ह्या हिशोबानं, मग कागदी पिशवीत घालून सावलीत वाळत टाकला. अधूनमधून काट्यावर ठेवायचे, वजन उतरायचं थांबल्यावर पुन्हा लेथवर. मला भेटेल तो विचारतोय की अजून कुजणार नाही का, तर नाही, लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली गेली की बुरशी वाढायची थांबते, फक्त परत भिजवत ठेवायचं नाही.

दुसऱ्या टप्प्याला मी तिथं उभा होतो आणि खरे पैसे ह्याचेच आहेत. मऊ लाकडात स्क्रू धरत नाही म्हणून बुडाला सागवानाचा ठोकळा चिकटवून स्क्रू त्या ठोकळ्यात मारलेले, समोरनं सेंटरचा टेकू, स्पीड एकदम कमी. तोंडावर काच आणि मास्क, कारण उडणारी धूळ नुसती लाकडाची नाही, बुरशीची पण. मला पण दटावून बाजूला उभं केलं, लेथच्या समोर थांबू दिलं नाही, तुकडा सुटला तर सरळ समोरच येतो.

बाऊल फिरताना एका फेऱ्यात दोन जागा अशा येतात जिथं लाकडाचे तंतू पटाशीच्या समोर उभे राहतात. चांगलं लाकूड तिथं पण कापलं जातं, कुजक्यात मात्र तंतूला मागनं आधारच नसतो त्यामुळं ते कापले न जाता उपटून येतात आणि कुत्र्यानं चावल्यागत खड्डे पडतात. मामा मशीन बंद करून त्या दोन पॅचवर आधी पातळ चंद्रस, म्हणजे पॉलिशमधली राळ, मारायचे (नाहीतर फिक्या लाकडावर डाग राहतो म्हणे) आणि ते वाळलं की वरनं पाण्यासारखा पातळ सुपरग्लू सोडायचे. जाड जेलवाला चालत नाही, तो वरच बसतो. हा दिसेल तसा आत शोषला जातो, अन् मग जरा धूर निघतो, डोळ्यात असा झोंबतो की बोळात जाऊन उभं राहावं लागलं. घट्ट झालं की गोल पटाशीला परत धार लावून कागदासारखी पातळ ढलपी काढायची, खड्डा उरला की पुन्हा ग्लू. धार लावण्यात जेवढा वेळ गेला तेवढा कातण्यात गेला नसेल.

पॉलिश पेपर पण नुसता हातात धरून मारला नाही. तसं केलं तर मऊ भाग जास्त झिजतो, कडक रेघा वर राहतात आणि हात फिरवला की लाटा लागतात. बाहेरनं लाकडी गुटक्याला पेपर गुंडाळून, लेथ बंद ठेवून घासलंय, आता डोळे मिटून हात फिरवला तर कुठं मऊ कुठं कडक कळत नाही. एक नंबर काम.

आता कापलेला स्टार. फोन उचलत नाहीत, "परवा या" ला काय अर्थ नाही. आणि मी मॅट फिनिश पायजे म्हणून दोनदा सांगून सुद्धा वर चकचकीत लॅकर मारून ठेवलेलं, त्या काळ्या रेघांवर ट्यूबलाईट दिसायला लागली. सांगितल्यावर कुरकुर न करता घासून मेणाचा हात मारून दिला, जादा पैसे घेतले नाहीत, पण त्यात अजून एक चक्कर गेलीच. मेणानंतर मऊ पट्टे जरा मंद दिसतात, ते जास्त पितात म्हणून, त्याचा दोष मामांना देणार नाही.

लाकूड माझं, मजुरी १४०० रुपये, बिल नाही. ऑनलाईन याच्यापेक्षा स्वस्तात आंब्याचा बाऊल मिळतो हे मला माहितीय, तो मशीनवर धडाधड काढलेला चांगल्या लाकडाचा असतो, त्यात हे काम नाही. आणि तांबडा रस्सा वाढायला म्हणून करून घेणार असाल तर नकोच, ग्लूवाल्या लाकडात गरम आणि पातळ काही घालायचं नाही. आमच्यात शेंगा असतात त्यात.

जाणार असाल तर ओंडका लांब ठेवा, टोकाकडचं तडकलेलं निघून जातं. तपकिरी होऊन चौकोनी तुकडे पडणारं, चिमटीत भुगा होणारं लाकूड नेऊ नका, माझ्यासमोर एकाला तसंच परत पाठवलं, त्याला ग्लू लावून पण जीव येत नाही म्हणाले. सोमवारी बंद. चारचाकी बोळात जात नाही, बाहेर लावून ओंडका उचलून न्यायला सोबत एक माणूस घ्या.