लाल नॉब, पन्नास तास आणि ताक: एअर फोर्कचे चौदा महिने

माझ्या सायकलच्या पुढच्या चाकावरच्या, दणके सोसणाऱ्या फोर्कचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की त्या कंपनीचे भक्त आणि वैरी दोघंही तुटून पडतात आणि मुद्दा राहतो बाजूला. १०० एमएम ट्रॅव्हल (म्हणजे एकूण किती दबतो ते), ३२ एमएमचे स्टँशन (खालच्या पायांत आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्या), धातूच्या स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारी एअर स्प्रिंग, वर निळा लॉकआउट (फोर्क हलू न देणारा), खाली लाल रिबाउंड (दबलेला फोर्क किती वेगाने वर येतो ते ठरवणारा). मधल्या किमतीतले असले फोर्क सगळे एकाच वळणाचे. मी १८,५०० मोजले. आधीच्या स्प्रिंगवाल्या फोर्कपेक्षा अर्धा किलो तरी हलका असेल, आणि पहिल्या दिवशी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूने उतरलो तेव्हा मनगटं दुखली नाहीत. पैसे तिथेच वसूल झाले, असं घरी सांगितलं होतं. घाई झाली.

दुकानातला मुलगा म्हणाला होता, "काका, याला काही लागत नाही. फक्त हवा चेक करत जा." (काका. मी सत्तेचाळीसचा आहे. असो.) मीही शहाण्यासारखा शॉक पंप घेतला, ७४ किलो वजनाला चार्ट सांगतो त्याच्यापेक्षा १० पीएसआय कमी हवा ठेवली, रबरी रिंग खाली सरकवून सॅग (नुसतं बसल्यावर फोर्क किती दबतो ते) मोजला, २२ एमएम आला. छान. ऑक्टोबर ते मे तक्रारीला जागा नव्हती.

मग पाऊस आला.

जुलैमध्ये दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे फोर्क चिकटायला लागला. बारीक खडीवर हलायचाच नाही, आणि मोठा दगड आला की धाडकन दबायचा. दुसरी गोष्ट म्हणजे फोर्कच्या उजव्या पायाच्या तळाचा लाल रिबाउंड नॉब टेकडीवर कुठेतरी पडला. तो स्क्रूने बसवलेला नसतो, नुसता खोचलेला असतो. १८,५०० रुपयांच्या वस्तूचा एकमेव असा भाग, ज्याला रोज बोट लागतं, जो जमिनीला सगळ्यात जवळ असतो, आणि तो धरलेला कशाने? घर्षणाने! आमच्या मिक्सरचा नॉब २००९ पासून जागचा हललेला नाही.

दुकानात गेलो. नॉब सुटा मिळत नाही. मग काय मिळतं? "पूर्ण डँपर घ्यावा लागेल." डँपर म्हणजे फोर्कची हालचाल आवरणारा आतला भाग. सात हजारांच्या वर. आणि चिकटण्याचं काय? "फुल सर्व्हिस. दुसऱ्या शहरात पाठवावा लागेल, तीन आठवडे, ५,८०० अधिक कुरिअर." मी म्हटलं, याला काही लागत नाही म्हणाला होतास ना? तो म्हणाला, "हो, पण सर्व्हिस तर लागतेच ना काका."

इथपर्यंतचं ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'घेऊ नका' असं मोठ्या अक्षरात होतं. आता डिसेंबर आहे. ते दोन शब्द काढले आहेत. का, ते सांगतो.

रागाच्या भरात कंपनीचं मॅन्युअल उघडलं, भांडायला मुद्दे मिळावेत म्हणून. त्यात स्पष्ट लिहिलंय: दर ५० तासांनी खालचे पाय काढून साफ करा, तेल बदला; २०० तासांनी डँपर आणि एअर स्प्रिंगसकट सगळं. ही काही या एकाच कंपनीची खोड नाही. रॉकशॉक्सही आपल्या बहुतेक फोर्कना ५० तासच सांगते. फॉक्स जरा उदार, १२५ तास किंवा वर्षातून एकदा. माझा हिशोब: मंगळवार-गुरुवार दीड-दीड तास आणि रविवारी चार, म्हणजे आठवड्याला सात. पन्नास तास सात आठवड्यांत संपतात. मी पावणेतीनशेच्या आसपास काढले होते, एक थेंब न बदलता.

पन्नास तास हा आकडा ऐकून कुणीही चिडेल. चाळीसच्या वेगाने मोटरसायकल पन्नास तास चालवली तर दोन हजार किलोमीटर होतात. तेवढ्यात फोर्क उघडायला नेला तर गॅरेजवाला आपल्याला चहा पाजून परत पाठवेल. पण मोटरसायकलच्या एकेका पायात तेल शंभर मिलीच्या वर असतं. सायकलच्या फोर्कमध्ये वंगणाचं तेल पायाला ५ ते १० मिली, म्हणजे दोन चमचे. वजन वाढू नये म्हणून. सीलचे (तेल आत आणि धूळ बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्यांचे) ओठही पातळ, कारण जाड केले तर आपल्या हाताच्या वजनाला फोर्क हलणारच नाही. त्या सीलखाली स्पंजची एक रिंग असते, ती तेल पिऊन बसते आणि स्टँशनला पुसत राहते. ती कोरडी पडली किंवा तिच्यात मुरूम गेला की खेळ खलास.

आणि मुरूम कोणी घातला? मी. पावसाळाभर दर रविवारी ५० रुपये देऊन सायकल बाइकवाल्यांच्या वॉशिंग सेंटरवर नेत होतो. प्रेशरचा फवारा थेट सीलवर. पन्नास रुपयांत चकचकीत होते म्हणून मित्रांनाही शिफारस केली होती. त्यांची इथेच माफी मागतो.

दसऱ्याच्या सुट्टीत गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरली. वाल्वची पिन दाबून सगळी हवा सोडली. खालचे दोन बोल्ट ५ एमएमच्या ॲलन चावीने तीन-चार आटे सैल केले, चावी तशीच ठेवून प्लॅस्टिकच्या हातोडीने टोला दिला, मग बोल्ट काढून खालचे पाय खेचले. मॅन्युअलमध्ये चित्रात तेल सोनेरी दाखवलंय. माझ्याकडे डाव्या पायातून ताक निघालं. अक्षरशः ताक, दुधाळ करडं, आणि बुडाशी गाळ. उजव्यातून तर थेंबभरच, काळपट. स्पंजच्या रिंगा टाचणीने ओढून काढल्या. पिळल्यावर त्यातून जे पाणी आलं त्याला टेकडीचा वास होता.

पुढचं अवघड नाही, फक्त कंटाळवाणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी धोतरं. रिंगा धुऊन तेलात भिजवल्या. सीलला ग्रीस. पाय परत सरकवताना सीलचा ओठ आत दुमडू द्यायचा नाही, इथे घाई नको. सायकल उलटी करून मेडिकलमधल्या सिरिंजने बोल्टच्या भोकातून तेल, बोल्ट ७ न्यूटन-मीटरला. तेल, ग्रीस, सिरिंज, सगळं मिळून १,१०० रुपये, आणि पुढच्या पाच वेळांना पुरेल.

बसवून हवा भरली तर फोर्क दोन सेंटिमीटर आखडलेलाच. परत शिव्या. दोन दिवस 'आतलं सील गेलं' म्हणून मी जवळजवळ त्या दुकानात जाणार होतो. चूक माझीच होती. या फोर्कमध्ये पिस्टनच्या खालीही हवेचा एक कप्पा असतो. थोडी हवा भरायची, दहा वेळा सावकाश दाबायचं, दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो, मग पुन्हा भरायचं. तसं केलं आणि साहेब ताठ उभे राहिले.

तेव्हापासून एकदा परत उघडला, नोव्हेंबरअखेर. पाऊण तास लागला. तेल गढूळ होतं, पण तेल होतं. डाव्या स्टँशनवर काळा थर पुसट होऊन चंदेरी रेघ दिसू लागलीय, ती ताकाच्या काळातली. ती भरून येणार नाही, बोट फिरवलं तर अजून लागत मात्र नाही. डँपरला मी हात लावलेला नाही. २०० तासांचं काम थकलंय, आणि त्यासाठी ५,८०० हा भाव लुटीचा नव्हता हे आता कळतंय. तरी पाठवेन तो उन्हाळ्यात, टेकडीवर तसंही उकडतं तेव्हा.

घ्यावा का? गॅलरी असेल आणि हात तेलकट व्हायची लाज नसेल तर घ्या. महिन्यातून दोनदा फिरणार असाल तर साधा स्प्रिंगवाला बरा, तो दुर्लक्ष जास्त सोसतो.

राहिला नॉब. पाय काढताना कळलं की नॉबच्या आत रिबाउंडच्या दांड्याला २.५ एमएमची ॲलन चावी बसते. म्हणजे तीन महिने मी ज्याच्या नावाने खडे फोडत होतो ते काम माझ्या मल्टीटूलवरच्या सगळ्यात बारीक चावीने झालं असतं. मान्य. पण उतारावर थांबून, ओणवं होऊन चावी घाला आणि दोन बोटांनी दोन टिचक्या फिरवा, यात फरक आहे. सध्या तुटक्या चावीचा तुकडा आणि खोकल्याच्या औषधाचं लाल झाकण एम-सीलने जोडून बसवलंय. पंधरा दिवस टिकलंय. मूळ नॉब खाणीकडून खाली येणाऱ्या वाटेवर, दुसऱ्या वळणानंतरच्या पायऱ्यांसारख्या दगडांच्या आसपास असणार. आता गवत वाळलंय. कुणाला लाल काही चमकताना दिसलं तर उचलून ठेवा, मी येऊन घेऊन जाईन, चहा माझ्याकडून.