फक्त बाबांचा ग्रुप की नवरा-बायको दोघांचा?

कमी कमाईच्या बापांसाठी पेरेंटिंगचे वर्ग घ्यायचे तर बोलवायचं कोणाला, नुसत्या बापाला की आईलापण, हे कॅलिफोर्नियात सपोर्टिंग फादर इन्व्हॉल्व्हमेंट नावाच्या प्रोग्रामने सरळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांत वाटणी करून बघितलं. २०००च्या दशकात २८९ जोडप्यांवर, बरीचशी मेक्सिकन वंशाची. काहींना बाबांचा ग्रुप, काहींना जोडप्यांचा, दोन्ही १६ आठवड्यांचे, आणि उरलेल्यांना फक्त एकच माहितीची मीटिंग.

बाबांच्या ग्रुपमध्ये बाप मुलांचं जास्त बघायला लागले, म्हणजे हेतू साधला. पण नवरा-बायकोचं नातं? ते हळूहळू घसरतच राहिलं. जोडप्यांच्या ग्रुपमध्ये मात्र बापाचा सहभागही वाढला, वर पालकपणाचा ताण कमी झाला आणि नातंही टिकून राहिलं. साहजिकच आहे हो, बाप घरी जाऊन बाळाचं डायपर बदलायला घेणार आणि आई मागून म्हणणार ‘राहू दे, तुला नाही जमत’, तर सोळा आठवडे शिकून उपयोग काय!

त्यामुळे माझं मत जोडप्यांच्या ग्रुपला. पण एक अडचण आहे, ती दोघं एकत्र असतील तरच हे चालतं. वेगळं राहणाऱ्या बापाचं काय? अमेरिकेत बापांसाठीच्या अशाच वर्गांचा काय उपयोग होतो हे बघणाऱ्या पॅक्ट नावाच्या अभ्यासात ५,५००च्या वर बाप घेतले, बरेचसे मुलांपासून लांब राहणारे. तिथे वागण्यात माया वाढली, पण प्रत्यक्ष भेटी आणि पैशाची मदत काही वाढली नाही.