कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीला तवा कोणता: बिडाचा की लोखंडी पत्र्याचा?

रोज दहा-बारा भाकरी होत असतील तर आधी वजन बघा. भाकरी शेवटी थेट जाळावर फुगवायची असते, आणि एकच शेगडी असेल तर दर वेळी तवा उतरवावा लागतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा सहज दोन किलोंच्या वर जातो; मनगट भरून येतं. इथे पत्र्याचा तवाच बरा.

तो तापतो लवकर, निवतोही लवकर. मात्र पातळ पत्र्यावर भाकरी मधे करपते आणि कडा कच्च्या राहतात, म्हणून निदान तीन मिलिमीटर जाडीचा घ्या. बीड मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापवावं लागतं, पण मग उष्णता धरून ठेवतं. धिरड्याला त्याच्या तोडीचं काही नाही.

टिकाऊपणात बीड फसवं. गंजून झिजत नाही लवकर, पण फरशीवर पडलं किंवा तापलेलं असताना गार पाणी ओतलं की तडकतं. पत्रा वाकला तर ठोकून सरळ होतो. शिवाय स्वस्त.

दोन्ही आधी पिकवावे लागतात: धुऊन, कोरडे करून, तेलाचा अगदी पातळ हात, धूर येईपर्यंत तापवणं, असं तीन-चारदा. तेल जास्त झालं तर थर चिकट बसतो. चिंच-टोमॅटो शिजवलात तर थर निघतो.

चुलीवर भाकरी, मोठं कुटुंब: पत्रा. गॅसवर धिरडी, थालीपीठ, दोन-तीन माणसं: बीड. इंडक्शन असेल तर कुठलाही घ्या, फक्त बूड सपाट हवं. खोलगट तवा तिथे नीट तापत नाही.