स्प्राउट मेकरची पांढरी टोपी: जानेवारी ते गणपती, गुहागरातला अनुभव

कडधान्याला मोड आणायचा तीन मजली पारदर्शक डबा, म्हणजे स्प्राउट मेकर, बऱ्याच घरांत असतो, त्यामुळे त्याचं वर्णन करत बसत नाही. मला लिहायचंय ते प्रत्येक मजल्याच्या मधोमध बसवलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या टोपीबद्दल. गणपतीच्या तोंडावर आमच्या वरच्या मजल्याची टोपी चिरली. कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळालं की सुटी टोपी देत नाही, अख्खा सेट नवीन घ्या. बिल पाठवलं, फोटो पाठवले, तरी तेच. पाच रुपयांची वस्तू नाही म्हणून चारशे रुपयांचा धडधाकट डबा टाकून द्यायचा, हे मला अजिबात पटत नाही.

टोपी एवढी महत्त्वाची का, ते सांगते. मजल्याच्या मधोमध एक छोटी उभी नळी असते. पाणी ओतलं की ते नळीच्या तोंडापर्यंत चढतं, आणि वर टोपी असल्यामुळे सायफन सुरू होऊन जवळजवळ सगळं पाणी खाली ओढलं जातं. टोपी चिरली की फटीतून हवा शिरते, ओढ तुटते आणि नळीच्या उंचीएवढं पाणी कडधान्याखाली तसंच राहतं. मग मटकीला मोड येण्याऐवजी ती बुळबुळीत होते, आंबूस वास मारते.

जानेवारीत घेतला तेव्हा मी खूप खूश होते. मटकीचे मोड पंच्यात अडकतात, ते सोडवताना निम्मे तुटतात, तो त्रास संपला. मूग रात्री भिजवले की पुढे एका दिवसात छान मोड येत. एप्रिल-मेच्या उकाड्यात दोनदाऐवजी तीनदा पाणी घालावं लागलं, एवढंच.

जूनपासून तक्रार सुरू झाली. पावसाळ्यात आमच्याकडे मिठालासुद्धा पाणी सुटतं, तिथे डब्याच्या खाचांत राहिलेला पाण्याचा थर कसला सुकतोय? रोज धुऊनही वास जाईना. शेवटी टोपी ओढून बघितली, तर निघाली, आणि आतल्या कडेला पिवळट चिकट थर. टोपी काढून धुवा असं सोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांच्याकडे हा डबा आहे त्यांनी आजच टोप्या काढून बघाव्यात. जुना टूथब्रश याच कामासाठी वेगळा ठेवा, साबणाने घासा, पूर्ण कोरडं करून मगच परत बसवा. उकळतं पाणी मात्र ओतू नका, हे प्लास्टिक वाकडं होतं.

पाण्याचंही बघावं लागतं. पहिल्या पावसात विहीर गढूळ होते. ग्रामपंचायत टीसीएल (जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) टाकते, तरी मोडांसाठी मी उकळून गार केलेलंच पाणी वापरते.

वास गेला की काळजी मिटली, असं मात्र नाही. आजार करणारे साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे जिवाणू असले तरी मोड ताजेच दिसतात आणि वासही येत नाही. ते दाण्याच्या बारीक चिरांत लपलेले असतात, धुऊन निघत नाहीत, आणि मोड यायला लागणारी ऊब नि ओल त्यांनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली. ३,८०० हून जास्त लोक आजारी पडले, पन्नासाच्या वर दगावले. म्हणून आमच्याकडे कच्च्या मोडांची कोशिंबीर बंद आहे. उसळ नाहीतर आमटी, तीही नीट शिजवून. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर यात तडजोड नको.

आता माझं मत कुठे बदललं ते. टोपी चिरल्यावर सायफनचा नाद सोडला. प्रत्येक मजला वेगळा काढते, कडधान्य स्टीलच्या चाळणीत ओतून धुते, निथळवते, मजला पुसून परत भरते. मोड आधीपेक्षा चांगले येतात, वास अजिबात नाही. आणि तेव्हा लक्षात आलं की सायफनमध्ये वरच्या मजल्याचं धुवण खालच्या दोन्ही मजल्यांवरून जातं! वरची मटकी बिघडली तर तेच पाणी खालच्या मुगांना. म्हणजे ज्या सोयीसाठी पैसे मोजले, तीच मला आता नको आहे. टोपी मिळालीच तरी मी असंच धुणार. सुटा भाग न देण्याबद्दलचा राग मात्र कायम आहे.

वाल यात घालू नका. डाळिंब्या करायच्या तर दाणे टपोरे फुगतात, उथळ मजल्यात दाटी होते नि मधले दाणे उबतात. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "अगो, वालांना पंचाच हवा." तो पंचा मी दर वेळी उकळून घेते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलायचं काम दोघी मिळून करतो.

कडधान्य किराणा दुकानातलं, खाण्याचंच घ्यावं. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी रंगाचं. ते उरलं म्हणून कुणी भिजवू नये. राजमा तर मोड आणून कच्चा मुळीच नको, तो खळखळ उकळूनच खायचा.

मोड आले की लगेच फ्रिजमध्ये. पण पावसाळ्यात इथे वीज कधी जाईल नि कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून एका वेळच्या उसळीपुरतेच करते. त्यामुळे तीनपैकी दोन मजले बहुतेक रिकामेच असतात.

नवीन घेणार असाल तर एक मजलीच बघा, तळाला सगळीकडे भोकं असलेला, शक्यतो स्टीलचा. सायफनवालाच घ्यायचा असेल तर दुकानातच टोपी काढून दाखवायला सांगा, आणि सुटी टोपी मिळते का हे पैसे देण्याआधी विचारा.